खिशातल्या आठ गोळ्या

४ मार्च

ताई,

नमस्कार. अक्षर बघून हसू नकोस. टायरवर खडूने नंबर टाकण्यापलीकडे माझ्या हाताला लिहायची सवय राहिलेली नाही. पण फोनवर माझा आवाज म्हणजे नुसती शिट्टी. ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला धक्का बसलाय, सहा महिन्यांत येईल नाहीतर सवय होईल, असं डॉक्टर म्हणाले. परवा तू फोनवर वीस मिनिटं बोललीस आणि मी तीनदा 'हं' म्हणालो. तसं पूर्वीही फार वेगळं नव्हतं म्हणा. मेसेज टाकावा तर मी अर्ध्यात असतानाच तुझं उत्तर येऊन धडकतं. आता मला मध्ये कुणी न तोडता बोलायचंय, म्हणून पत्र.

घरी येऊन आज बारा दिवस झाले. छातीवरची शिवण सुकतेय. दुकानात जातो, खुर्चीत बसतो आणि दुसरे लोक चुकीच्या बाजूने जॅक लावताना बघतो. बसवत नाही ग. उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. आतल्या आत ठोके ऐकू येतात आणि मी मोजत राहतो. गिऱ्हाईक काही सांगत असतं, मी हो म्हणतो, आणि ते गेल्यावर काय सांगितलं ते आठवत नाही.

नक्की काय झालं होतं ते मी आता डॉक्टरांकडून नीट समजून घेतलंय. तुझ्याकडे जुनं रिमोल्डचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवा रबर चढवायचं, मशीन बघायला आलो, सकाळी तुझा जिना उतरत होतो आणि पाठीत अशी कळ आली की मी पायरीवरच बसलो. स्नायू धरला वाटलं. पण ती कळ पाठीतून कमरेकडे सरकत गेली. डॉक्टर चित्र काढायला लागले तेव्हा मी म्हटलं, थांबा, हे मला येतं. टायर वरून धडधाकट दिसतो, पण आतल्या थराला बोटभर चीर पडली की हवा दोन थरांच्या मध्ये शिरते आणि त्यांना सोलत पुढे जाते. बाहेर फुगा दिसला की समजायचं, गाडी थांबवा. माझ्या हृदयातून निघणाऱ्या मुख्य नळीच्या थरांमध्ये हवेऐवजी रक्त शिरलं, एवढाच फरक. डॉक्टर म्हणाले, फरक आणखी एक आहे, तुम्हाला गाडी थांबवता येत नाही. पहिल्या दिवशी तासागणिक शंभरातले एक-दोन जण जातात म्हणे.

आता मुद्द्याचं. हे घराण्यात असू शकतं. सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी झालीच पाहिजे असं त्यांनी कागदावर लिहून दिलंय. माझ्या दोन्ही पोरींची झाली, दोघी ठीक आहेत. राहिलीस तू. तू माझ्यासारखीच उंच, बोटं माझ्यासारखीच लांब. साधा टूडी इको आहे, हृदयाची सोनोग्राफी, अर्ध्या तासाचं काम, आणि मशीन तुझ्याच हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर. या आठवड्यात करून घे.

अजून एक. माझ्या फाईलसाठी पहिल्या तासाचा कागद हवाय. तुझ्या कॅज्युअल्टीत मला काय काय दिलं, कधी दिलं, तो. झेरॉक्स पाठव.

तुझा
लंबू


९ मार्च

लंबू,

पत्र मिळालं. हसले नाही. 'शिवण' बरोबर लिहिलंस याचंच नवल वाटलं.

आता ऐक. दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. खुर्चीत बसायचं, आणि खुर्चीसुद्धा दुसऱ्याने आणून द्यायची. बीपी रोज दोन्ही हातांना मोजायचं आणि वहीत लिहायचं. वरचा आकडा एकशेवीसच्या आत, नाडी साठच्या आसपास. नाडी कमी ठेवणारी गोळी चुकवलीस तर तिथे येऊन कान पिळीन. संडासात जोर करायचा नाही. हे तुझी बायको लाजून सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

टायरचं तुझं बरोबर आहे, पण पंचवीस वर्षं कॅज्युअल्टी सांभाळणाऱ्या बाईला महाधमनी शिकवायला निघालास, कमाल आहे! तुझ्या ज्ञानात थोडी भर घालते. तुझी चीर हृदयाच्या अगदी दारात होती. तिथली फाटली तर कापून नवी कापडी नळी बसवण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि तेही त्याच दिवशी. हीच चीर पुढे, पाठीकडे उतरणाऱ्या भागात असती तर बहुतेक वेळा आधी नुसती औषधं देऊन बीपी आणि नाडी खाली आणतात आणि नजर ठेवतात. तुला बर्फासारखं गार करून, रक्त फिरायचं थांबवून काम करावं लागलं. आठ तास मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसले होते. त्या आठ तासांबद्दल मला लिहायचं नाही.

माझ्या तपासणीचं म्हणशील, तर दोन जणी सुट्टीवर, एक नवीन आलीय तिला सलाईनची सुई धरता येत नाही, आणि पेशंट तर जत्रेसारखे. वेळ कुठे आहे? आणि खरं विचारशील तर हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेऊ? पन्नाशीच्या बाईची नळी थोडी रुंद निघणारच. मग ते दर सहा महिन्यांनी बोलावणार आणि मी प्रत्येक ढेकरेला मृत्युपत्र करायला बसणार. मला काही होत नाहीये. जिने चढते, ओरडते, जेवते. झालं तर मग.

कागदाची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. त्यात विशेष काही नाही.

आणि मला धरून न्यायला इकडे यायचा विचारही करू नकोस. बारा तासांचा प्रवास आहे आणि तुझी छाती अजून तारेने बांधलेली आहे. माझ्या लेकीला यातलं काही कळवू नकोस. ती परीक्षेत आहे.

तुझी ताई


१६ मार्च

ताई,

कागद मिळाला. तीनदा वाचला. नऊ दहाला दाखल. बीपी डावा हात, एकशे आठ. ईसीजी. साडेनऊला तरुण डॉक्टरांनी दोन्ही हातांची नाडी चाचपली, उजव्या हाताचं बीपी एकशे सत्तर निघालं, दोन हातांत एवढा फरक म्हणून सीटी सांगितला. 'दिलेली औषधं' या रकान्यात सलाईन आणि दुखण्याचं इंजेक्शन. अक्षर तुझंच आहे. तुला आणखी काही आठवत असेल तर लिही. नसेल तर असाच फाईलला लावतो.

आता बाबांचं. तू तेव्हा नर्सिंगच्या हॉस्टेलला होतीस आणि आई शेजारी गेली होती. घरात मी एकटा होतो, चौदा वर्षांचा. बाबा छातीला हात लावून बसले आणि गेले, असं आई सगळ्यांना सांगायची, आणि हार्ट अटॅक असं कागदावर लागलं. पण आईने बघितलं नव्हतं. बाबा खुर्चीत बसून हात पाठीमागे नेत होते, दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे हात पोचत नाही तिथे. म्हणाले, "काहीतरी फाटलं बघ." मला वाटलं सदरा. मी त्यांच्या मागे उभा राहून सदऱ्याची शिवण बघत बसलो. मग ते काही बोललेच नाहीत.

हे अठ्ठावीस वर्षांत मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही, आणि मला लाज वाटायची. आता डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगितलं. ते म्हणाले, खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही, पण तुमच्या बहिणीला आजच्या आज तपासायला सांगा.

म्हणजे बघ, बाबा एकोणपन्नासाव्या वर्षी, मी बेचाळिसाव्या. तू पन्नास. आपल्या घरात मालच कच्चा आलाय, ताई. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं चाललंय तुझं. मला बीपीची वही लावतेस आणि स्वतः दुसऱ्या मजल्यावर जात नाहीस! तू काहीतरी टाळते आहेस आणि मला ते काय आहे ते कळत नाही असं तुला वाटतंय.

पंधरा दिवसांत केलं नाहीस तर मी भाचीला कळवणार. परीक्षा गेली खड्ड्यात.

लंबू


२१ मार्च

लंबू,

बाबांचं वाचलं. चौदा वर्षांच्या पोराने सदरा बघितला यात त्याचा काही दोष नाही. मोठमोठ्या डॉक्टरांना समजत नाही ते. यापुढे त्याची लाज बाळगायची नाही. हा हुकूम समज.

लेकीला काही कळवायची गरज नाही. मी काल करून घेतला इको. नळी तीन पॉइंट चार सेंटिमीटर. एकदम नॉर्मल. मशीनवरची मुलगी म्हणाली, बाई, तुमचं हृदय तिशीचं आहे. झालं समाधान? आता हा विषय बंद.

मला आणखी काही आठवत नाही. कागद आहे तसा लाव.

ताई


२७ मार्च

ताई,

पत्र वाचून मी दुकानात बसल्या बसल्या सगळ्यांना चहा पाजला. माझा जुना कारागीर म्हणाला, मालक, कुणाला मुलगा झाला? मी म्हटलं, बहिणीची नळी तीन पॉइंट चार निघाली. त्याला वाटलं पाण्याच्या पाइपची गोष्ट चाललीय, म्हणाला, तीन पॉइंट चारला जोड मिळत नाही हो बाजारात. हसू दाबायला लागलं, शिवण ओढते.

महिन्यानंतर पहिल्यांदा मी खुर्चीत एका जागी तासभर बसलो. एवढे दिवस मला वाटायचं की माझ्या ठोक्यांनी मी अस्वस्थ आहे. ते तुझ्यामुळे होतं. मी वाचलो आणि तू बाबांसारखी बसल्या जागी गेलीस, तर मी काय करणार होतो?

तुला कधी नीट सांगितलं नाही, आता लिहितो. त्या दिवशी मी पायरीवर बसलो आणि तू वरून धावत आलीस. पदर खोचलास, रिक्षा अडवलीस, मला जवळजवळ उचललंस. सीटी झाल्यावर अँब्युलन्समध्ये दोन तास माझ्या सलाईनचे थेंब मोजत होतीस. तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मला बाम लावून झोपवलं असतं. मी आज जो आहे तो तुझ्यामुळे आहे. बायको पण हेच म्हणते. तिने तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय, रंग भयानक आहे, पण तू चांगला म्हण.

रिपोर्टची झेरॉक्स तेवढी पाठव. डॉक्टरांना दाखवायची आहे.

तुझा
लंबू


१ एप्रिल

लंबू,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन फाडली. तारखेवर जाऊ नकोस, थट्टा नाही.

तू माझे आभार मानलेस. ते वाक्य वाचून मी ड्युटीवरून उठले आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसले. नवीन मुलगी दार वाजवत होती, बाई, बाई, करत. मला उठवेना.

बाबा गेले तेव्हा मी हॉस्टेलवरून पोचायला पाच तास लागले. त्यानंतर मी ठरवलं की आपल्या घरात पुन्हा कुणाच्या छातीत दुखलं तर मी हात हलवत पोचणार नाही. तेव्हापासून माझ्या खिशात एक डबी असते. ही डबी मी कधी विसरले नाही. औषधं सुधारली तशा गोळ्या बदलल्या, मुदत संपली की नव्या भरल्या. रक्त पातळ करणाऱ्या. चार एक प्रकारच्या, चार दुसऱ्या. हार्ट अटॅकला पहिल्या काही मिनिटांत द्यायच्या असतात तेवढ्या.

तुला कॅज्युअल्टीत आणलं, डाव्या हाताला बीपी लावलं. आमचं मशीन कॉटच्या डाव्या बाजूला भिंतीवर आहे, त्यामुळे आम्ही कायम डाव्याच हाताला लावतो. आकडा कमी आला. तू घामाघूम होतास आणि मला तुझ्या जागी बाबा दिसले. पाठीत दुखतंय असं तू तोंडाने सांगत होतास, आणि मी ते ऐकत नव्हते. डॉक्टर शेजारच्या पेशंटकडे होते. मी थांबले नाही, विचारलं नाही. आठही गोळ्या तुझ्या तोंडात घातल्या आणि चावायला लावल्या.

पाऊण तासाने सीटी बघितला. ज्याची नळी फाटली आहे, ज्याला आता कापायचंय, त्याचं रक्त मी पातळ करून ठेवलं होतं. मी कागदावर लिहिलं नाही. आणि त्या मोठ्या हॉस्पिटलच्या दारात, तुला ट्रॉलीवरून आत नेताना, तिथल्या डॉक्टरांनी सरळ विचारलं, "रक्त पातळ करायचं काही दिलंय का?" मी म्हणाले, "नाही." तोंडातून निघून गेलं. मग ते परत घेता आलं असतं, दहा पावलं धावले असते तर. धावले नाही. सहाव्या तासाला सर्जन बाहेर येऊन म्हणाले की रक्त थांबत नाहीये, अजून बाटल्या लागतील. मी तेव्हाही गप्प बसले. माझ्या भावाचं रक्त वाहत होतं आणि मी नोकरी आणि अब्रू सांभाळत होते.

तू कागद मागितलास तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. फोन वाजला तरी दचकते.

आणि इको मी केलेला नाही. तीन पॉइंट चार मी मनाने लिहिलं. दोनदा दुसऱ्या मजल्यावर गेले आणि दारातून परत आले. ज्याला मी मारत होते तो आठ तास टेबलावर होता, आणि मी स्वतःला वाचवायला रांगेत उभी राहू? तो हक्क माझा नाही असं वाटतं. जे व्हायचं ते होऊ दे.

तुझ्या बायकोला स्वेटर थांबवायला सांग. मला माफ कर असं लिहिणार होते, पण तेही मागवत नाही.

ताई


६ एप्रिल

ताई,

मला माहीत होतं.

मी ट्रॉलीवर होतो, मेलो नव्हतो. तू 'नाही' म्हणालीस ते मी ऐकलं. आठ कडू गोळ्या चावल्या होत्या मी, तोंडात अजून चव होती. आत गेल्यावर भूल देणाऱ्या बाई वाकून नाव विचारायला लागल्या, तेव्हा त्यांचा हात धरून मी आधी हेच सांगितलं. घरात हार्ट अटॅक झालेला आहे म्हणून मी स्वतःच आठ गोळ्या खाल्ल्या, सव्वानऊच्या सुमारास, असं. त्या लगेच ओरडून कुणाला तरी बोलल्या आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या पिशव्या मागवल्या. चिरण्याआधी सगळं तयार होतं. रक्त थांबायला वेळ लागला, हे खरं. ते तसं होणार हे त्यांना माहीत होतं. तुला बाहेर कुणी ते सांगितलं नाही, कारण तू 'नाही' म्हणून बसली होतीस.

कागद मी मुद्दाम मागवला. माझ्या फाईलमध्ये गोळ्यांची नोंद पहिल्या दिवसापासून आहे. मला वाटलं, कागद हातात घेतलास की सांगशील. ताकाला जाऊन भांडं मी लपवलं, हे माझं चुकलं. सरळ विचारायला हवं होतं.

त्या गोळ्या तू मला वाचवायला दिल्यास. घाबरून दिल्यास, चुकून दिल्यास, पण माझ्यासाठी दिल्यास. ते मी टेबलावर जायच्या आधीच सोडून दिलं होतं. त्यासाठी तुला माझ्याकडून काही मागायची गरज नाही.

पण तीन पॉइंट चार! ताई, मी चहा पाजला ग लोकांना. मी तासभर शांत बसलो. तो तास तू मला खोटा दिलास. गोळ्या माफ आहेत, हे माफ नाही. शिक्षा घ्यायची हौस असेल तर मेट्रनबाईंकडे जा आणि लेखी दे. छातीत फुगा घेऊन फिरणं ही शिक्षा नाही, हा आपल्या सगळ्यांवर केलेला अन्याय आहे. तुझी पोर तुला जिन्यात बघणार आणि मग अठ्ठावीस वर्षं स्वतःला कोसत राहणार. मला विचार ते कसं असतं.

तुझं पत्र वाचून माझं बीपी एकशे बेचाळीस झालं. वहीत लिहिलंय, कारणासकट.

स्वेटर होतोय. थांबणार नाही.

लंबू


१८ एप्रिल

लंबू,

एकशे बेचाळीसनंतर किती झालं ते आधी कळव. मला वाटेल ते बोललास, बरं केलंस. या घरात मला झापणारं कुणी उरलं नव्हतं.

मेट्रनबाईंना लेखी दिलं. कधी, किती, कुणाला न विचारता, आणि दारात काय उत्तर दिलं तेही. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, चौकशी होईल, तोपर्यंत औषधांच्या कपाटाची किल्ली द्या. पंधरा वर्षं ती किल्ली माझ्या कमरेला होती. दिल्यावर मोकळं वाटलं असं म्हणायचं असतं, पण खरं सांगते, मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आले तर नवीन मुलगी बीपीच्या तक्त्यात पट्टीने आणखी एक रकाना आखत होती, उजव्या हाताचा. मेट्रनबाईंचा हुकूम. मी म्हटलं, रेघ सरळ काढ.

त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर गेले. मशीनवरची मुलगी मला ओळखते, सारखी बडबडत असते. छातीवर यंत्र फिरवता फिरवता ती गप्प झाली. असं गप्प मी हजार पेशंटांसमोर झालेय, त्यामुळे मला विचारावं लागलं नाही. पाच पॉइंट तीन. सीटीतही तेच.

तुझ्याच सर्जनना दाखवलं. म्हणाले, अजून फाटलेली नाही, पण घरात एकाची फाटलीय आणि वडिलांचा संशय आहे, तेव्हा थांबण्यात शहाणपण नाही. आत्ता ठरवून केलं तर शंभरात दोघा-तिघांना धोका. फाटल्यावर तेच ऑपरेशन केलं तर पंधरा-वीस जण उठत नाहीत. दोन मे तारीख दिलीय. एक तारखेला दुपारी दाखल व्हायचंय.

लेकीला मी समोर बसवून सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन इको करून आली आणि रिपोर्ट टेबलावर आपटला. नॉर्मल आहे. खरोखर नॉर्मल, झेरॉक्स सोबत आहे, आकडा तपासून घे. काही वर्षांनी पुन्हा करावा लागेल. ती आता घरभर माझ्या मागे बीपीचं मशीन घेऊन फिरते. मी खोकले तरी धावत येते.

मी सगळी तयारी केलीय. ड्युट्या वाटून दिल्या. कपाटं आवरली. कुठला कागद कुठे आहे त्याची यादी लेकीला दिली. ऑपरेशनचं सगळं मला माहीत आहे, कधी गार करतात, कधी हृदय थांबवतात, नळी कुठल्या कापडाची असते. तेच तर झालंय रे. न कळणारी माणसं देवाचं नाव घेऊन डोळे मिटतात. मला एकेक पायरी दिसते. जेवायला बसते, दोन घासांत उठते. टीव्ही लावते, बंद करते. बसस्टॉपवर बस येते आणि मी चढायचं विसरते.

मी तुला येऊ नकोस म्हणून लिहिलं होतं. आजही तेच लिहायला बसले होते. बारा तासांचा प्रवास, तुझी छाती, तुझं दुकान, सगळी कारणं तयार होती. फोन करणार होते, पण फोनवर रडले असते आणि तुला ते ऐकवायचं नव्हतं.

लंबू, मला फार भीती वाटते. मी रोज पेशंटचा हात धरून "काही होत नाही हो" म्हणते, आणि बहुतेक वेळा मला ते माहीत नसतं. तेच आता मला कुणीतरी म्हणावं असं वाटतंय. खोटं असलं तरी चालेल. तू ये.

ताई